सुटलेले रोजे फेडताना

२०१८ सालच्या नोव्हेंबरातील एक गुरुवार. सकाळची ओपीडी आटोपून मी घरी जेवायला बसलो होतो. दुपारचे तीन वाजून गेले होते. एवढ्यात पेठेमागच्या मोहल्ल्यातील एक कॉलेजचा मुलगा मोटारसायकल दामटत आला. "डॉक्टर, लवकर चला. दादीला दरदरून घाम सुटलाय आणि ती काहीतरीच बडबडतेय."

जाऊन पाहिले तर साठीच्या त्या बाई पलंगावर घामाने निथळत पडलेल्या. हातांना कंप, नजर सैरभैर. गेली बारा वर्षे त्या माझ्या पेशंट, मधुमेहाच्या गोळ्या चालू. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ४६! निरोगी माणसाची साखर सहसा ७० च्या खाली उतरत नाही. घरातले सगळे जेवून उठले होते. "यांनी सकाळपासून काय खाल्लं?" असे विचारताच मुलगा आणि सून एकमेकांकडे बघू लागले. शेवटी दहा-अकरा वर्षांची नात दाराआडून म्हणाली, "दादीचा आज रोजा आहे."

रमजान ईद होऊन पाच महिने उलटले होते.

बाई शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या. म्हणून साखरेचे पाणी करून ओठांशी नेले. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि हाताने पेला बाजूला सारला. पुटपुटल्या, "रोजा तोडला तर साठ धरावे लागतील, डॉक्टर. साठ कुठून आणू?" मुलाने हातापाया पडून समजूत घातली तेव्हा कुठे ते पाणी पोटात गेले. पंधरा मिनिटांत त्या माणसांत आल्या. आणि मग रोजा तुटला म्हणून रडू लागल्या.

वाचकहो, मधुमेह आणि रमजान या विषयावर आता पुष्कळ लिहिले-बोलले जाते. रमजान जवळ आला की डॉक्टर मंडळीही सावध होतात. परंतु रमजानबाहेरच्या रोज्यांविषयी कोणी बोलत नाही. त्या दुपारपासून माझे मत असे झाले आहे की, आजारी माणसाला रमजानच्या रोज्यापेक्षा रमजाननंतरचा एकट्याचा रोजा अधिक धोक्याचा असतो. आणि तो धोका टाळण्यासाठी लागणारी सवलत धर्माने आधीच देऊन ठेवलेली आहे. आपण ती वापरत नाही, इतकेच.

रमजानबाहेरचे रोजे

प्रथम ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. रोजा म्हणजे पहाटे उजाडू लागण्यापूर्वी सहरी करायची आणि त्यानंतर सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आपल्या एकादशीसारखी साबुदाण्याच्या खिचडीची सोय इथे नाही. रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान, धडधाकट मुसलमानावर बंधनकारक आहेत. मात्र आजारी आणि प्रवासी यांनी त्या वेळी रोजा न धरता तेवढेच दिवस पुढे भरून काढावेत, ही मुभा खुद्द कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकराच्या १८४ व १८५ व्या आयतींत आहे. माणसाची सोय व्हावी, अडचण होऊ नये, हा त्यामागचा हेतूही तिथेच सांगितला आहे. असे मागाहून भरून काढायचे रोजे म्हणजे कझा रोजे.

याशिवाय आपखुशीचे रोजे असतात, त्यांना नफिल म्हणतात. ईदनंतर शव्वाल महिन्यातले सहा, बकरी ईदच्या आदल्या दिवशीचा अरफाचा, मोहरमच्या दहा तारखेचा आशुराचा व त्याला जोडून आणखी एक, दर सोमवार-गुरुवारचे, चांद्रमासाच्या तेरा, चौदा, पंधरा तारखांचे. हे धरले तर पुण्य, न धरले तर दोष नाही. उलट दोन्ही ईदचे दिवस आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस रोजा धरायला मनाईच आहे. अब्दुल्ला बिन अम्र नावाचा पैगंबर साहेबांचा एक तरुण सहकारी रोजच रोजा धरू लागला, तेव्हा तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे त्यांनी त्याला समजावले. ही हकीकत हदीसच्या संग्रहांत आहे. डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर लावावी अशी ही गोष्ट आहे.

म्हणजे कझा हे कर्ज आणि नफिल ही स्वखुशीची ठेव. व्यवहारात आपण आधी कर्ज फेडतो आणि मग ठेवीचा विचार करतो. अनेक आलिमही हेच सांगतात. पण माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बाया शव्वालचे सहा आणि राहिलेले आठ असे चौदा रोजे ईदनंतर लागोपाठ धरतात आणि पंधराव्या दिवशी चक्कर येते म्हणून दवाखान्यात येतात. एवढी घाई कशासाठी? शव्वालचे सहाही सलग धरले पाहिजेत असे नाही, महिन्याभरात केव्हाही चालतात. कझासाठी तर पुढच्या रमजानपर्यंत जवळजवळ अकरा महिने हातात असतात.

हिशेब बाईच्याच खात्यावर

हा प्रश्न मुख्यतः बायकांचा आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. धडधाकट पुरुषाचा एकही रोजा सुटत नाही. बाईचे मात्र पाळीमुळे दरवर्षी पाच-सहा-सात रोजे सुटतातच, कारण त्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेपर्यंतही तसेच. या काळातली नमाज पुढे भरून काढावी लागत नाही, रोजे मात्र भरून काढावे लागतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती वाटत असेल तर तिला रोजा सोडण्याची मुभा आहे. पण तेही पुढे खात्यावर चढतात.

आता साधा हिशेब करा. वर्षाला सहा धरले तरी तीस वर्षांचे झाले एकशे ऐंशी. त्यात दोन-तीन बाळंतपणांत गेलेले रमजान मिळवले तर अडीचशेच्या घरात आकडा जातो. एवढे रोजे बाईने घरचे सगळे करून, बहुधा कोणाला न सांगता, एकेक करून फेडायचे असतात. पाळीविषयी घरात बोलायचे नाही हा आपल्याकडचा सर्वधर्मीय रिवाज, त्यामुळे सासरे-दीर-मुलांना पत्ताही नसतो. पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयेशा यासुद्धा आपले राहिलेले रोजे पुढच्या रमजानच्या आदल्या, म्हणजे शाबान महिन्यात पूर्ण करीत, असे हदीसमध्ये नमूद आहे. उशीर झाला म्हणून मनाला टोचणी लावून घेणाऱ्या लेकीसुनांना हे जरूर सांगावे.

यात डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. म्हणजे दोघींत एकीहून अधिक. हा केवळ एका समाजाचा प्रश्न नाही. सोळा सोमवारवालीची आणि रोजेवालीची पापणी खाली ओढून पाहिली तर आतला रंग सारखाच फिकट दिसतो. अशा बाईने शाबानच्या शेवटच्या आठवड्यात राहिलेले सगळे रोजे एकदम उरकायचे आणि लगेच रमजानचे तीस सुरू करायचे, हे अंगावर येते. आठवड्याला एक किंवा दोन असे वर्षभर विभागले तर तेच रोजे सहज निभतात. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या इफ्तारनंतर घ्याव्यात, चहाबरोबर घेऊ नयेत. चहाने लोह अंगी लागत नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईने, विशेषतः बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, कझा फेडण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. त्या बाळाला दुसरे अन्न नाही आणि पाणीही नाही. त्याचा सगळा भार आईवर. बाळ वरचे खाऊ लागले, आईची भूक-झोप ठिकाणावर आली की मग बघावे.

एकट्याचा रोजा

आता त्या गुरुवारकडे परत वळतो. त्या वर्षी रमजान मे-जूनच्या उन्हात आला होता. बाईंना लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला आणि सात रोजे सुटले. त्यांतले दोन त्यांनी फेडले होते, हा तिसरा. पहाटे साडेचारला त्या एकट्याच उठल्या. रमजानमध्ये सगळे घर जागे असते, चूल पेटलेली असते, कोणी आग्रहाने वाढते. इथे सगळीकडे अंधार. सुनेची झोप मोडू नये म्हणून त्यांनी चहा केला, दोन टोस्ट खाल्ले, आणि रोजची सकाळची गोळी घेऊन नमाज पढून आडव्या झाल्या.

घात त्या गोळीने केला. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली खेचत राहतात. इन्सुलिनचेही तसेच. रमजानमध्ये मी त्यांना ती गोळी इफ्तारला घ्यायला सांगितली होती आणि पहाटेची मात्रा कमी केली होती. पण ईदनंतर मीच कागदावर लिहून दिले, "पूर्वीप्रमाणे गोळ्या घ्याव्यात." मध्येच रोजे धरणार का, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. यात निम्मी चूक माझी, हे कबूल करतो. तेव्हापासून ईदनंतर आलेल्या प्रत्येक मधुमेही पेशंटला मी पहिला प्रश्न विचारतो, "किती राहिले?"

२००४ साली तेरा देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुसलमानांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. साखर घातक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या मानाने रमजानमध्ये लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्यांत, म्हणजे टाइप-१ मध्ये, ४.७ पट आणि नेहमीच्या मोठ्या वयातल्या मधुमेहात ७.५ पट वाढलेले त्यात आढळले. हे जर सगळे घर जागे असताना, तर एकट्याच्या रोज्यात काय होईल याचा विचार करावा. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. रोजा आहे हे घरात ठाऊकच नसेल तर "वयामुळे असेल", "पित्त झाले असेल" म्हणून तास-दोन तास वाया जातात. शिवाय या गोळ्यांचा अंमल लांबतो. साखरेच्या पाण्याने बाई सावरल्या तरी पुन्हा घसरू शकतात, म्हणून जेवू घालून मी त्यांना रात्रीपर्यंत दोनदा पुन्हा तपासले.

रक्तदाबवाल्यांनीही ध्यानात ठेवावे. लघवी वाढवणारी गोळी सहरीला घेऊन दिवसभर पाणी नाही, असे झाले की उठताना चक्कर येऊन पडणे ठरलेले.

साठ रोज्यांची भीती

बाईंनी ओठ मिटले ते हट्टाने नव्हे, भीतीने. ही भीती मला इतक्या घरांत भेटली की मोहल्ल्यातल्या मौलानांना गाठून मी समजून घेतले. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही. त्यांनी सांगितले ते असे. साठ रोज्यांचा कफ्फारा आहे तो रमजानमध्ये धरलेला रोजा काही कारण नसताना जाणूनबुजून मोडणाऱ्यासाठी, आणि त्याच्या तपशिलातही हनफी व शाफई मतांत फरक आहे. जिवावर बेतले म्हणून रोजा सोडला तर, तो रमजानचा असला तरी, एका रोज्याच्या बदल्यात एकच. आणि कझाचा रोजा मोडला तर कफ्फारा नाहीच. तो एक रोजा पुन्हा धरायचा, इतकेच. जीव धोक्यात घालून रोजा ओढत नेणे हेच उलट चूक.

हे ऐकून बाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे आधी कोणी सांगितलंच नाही." माझी सर्व मौलाना मंडळींना विनंती आहे की, शाबानच्या एखाद्या शुक्रवारच्या बयानात एवढे एक वाक्य जरूर सांगावे. ते घरी बायकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी पुरुषांची.

ज्यांचा आजार बरा होणारा नाही, किंवा वयामुळे ताकद परत येणार नाही, त्यांच्यासाठी कझाही नाही. त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे किंवा तेवढे धान्य द्यायचे, हा फिदया. त्याचे माप स्थानिक आलिम सांगतात. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, तर घाटावरचे बहुतांशी हनफी. उशीर झाल्यास काय, दूध पाजणाऱ्या आईने कझाबरोबर फिदयाही द्यायचा का, यावर दोहोंत फरक आहे. त्यामुळे शेजारणीचे ऐकून ठरवू नये, आपल्या जमातीतल्या जाणकाराला विचारावे. पण फिदया देणारा हा कमी प्रतीचा मुसलमान, ही समजूत मात्र काढून टाकावी. ज्या आयतीत रोजा सांगितला आहे तिच्या शेजारीच ही सवलत आहे.

हिवाळा आपल्या बाजूला

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षे तो मे, जून आणि जुलैच्या सुरुवातीच्या दिवसांत आला. कझा कधी फेडायचे हे मात्र आपल्या हातात असते. आपल्या भागात जूनमध्ये सहरी ते इफ्तार सुमारे साडेचौदा तास जातात, डिसेंबरात साधारण सव्वाबारा. वर दोन तास वाचतात, ऊन नाही, तहान नाही. उन्हाळ्यात सुटलेला रोजा डिसेंबर-जानेवारीत फेडला तर तो कमी प्रतीचा ठरत नाही. संख्या भरली की झाले. आता तर रमजानच थंडीकडे सरकतो आहे आणि २०३० साली तो जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल. जुने कर्ज डोक्यावर असलेल्यांनी हा हंगाम साधून घ्यावा.

थोडक्यात

१) मधुमेह, रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच गरोदर बायकांनी, एकही कझा वा नफिल रोजा डॉक्टरांना न विचारता धरू नये. "एकच तर आहे" असे म्हणू नये. गोळीला रमजान कळत नाही.

२) गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि वेळही बदलू नये. डॉक्टर रोज्याच्या दिवसासाठी वेगळी वेळ लिहून देतील. ती चिठ्ठी जपून ठेवावी.

३) कझाची नियत रात्रीच करावी लागते, म्हणून जाग आली नाही तरी बाया उपाशीपोटी रोजा रेटतात. सहरी चुकली आणि गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी रोजा नको. दुसरा दिवस धरावा.

४) रोज्याच्या दिवशी घरात किमान एकाला तरी सांगून ठेवावे. पाळीचा विषय काढायचा नसेल तर कारण सांगू नये, पण रोजा आहे हे सांगावे.

५) मधुमेह्याने दुपारी एकदा साखर तपासावी. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडावा.

६) साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून तडक इस्पितळात न्यावे.

आणि हा सल्ला रोजेवाल्यांपुरता समजू नये. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत, सकाळची गोळी पोटात ढकलून उपाशी बसणाऱ्या आजीबाईही माझ्याकडे याच अवस्थेत येतात.

त्या बाईंना मी तीन महिने रोजा धरायला मनाई केली, गोळी बदलून दिली आणि साखर तपासत राहिलो. फेब्रुवारी उजाडला तेव्हा पाच रोजे बाकी होते. दर गुरुवारी एक, याप्रमाणे पाच आठवड्यांत ते पुरे झाले. पहिल्याच गुरुवारी पहाटे सून त्यांच्याआधी उठून चुलीपाशी बसलेली होती. तिचेही मागच्या रमजानचे पाच-सहा राहिले होते आणि तिनेही ते कोणाला सांगितले नव्हते. "अम्मी, आपण दोघी मिळून धरू," असे ती म्हणाली.

आज त्या बाई इन्सुलिनवर आहेत, रोजे धरीत नाहीत, फिदया देतात. सून मात्र अजून दर हिवाळ्यात गुरुवार धरते. त्या पहाटेला तिच्यासाठी चहा सासूबाई करतात.